वरच्या कोठ्यातले काळे पत्रे

आबांचे डोळे डांबराने खाल्ले, असं आई म्हणायची. आबा म्हणजे माझे वडील. रस्त्याच्या खात्यात ते मैलकुली होते आणि तळा गावाकडून आगरदांड्याच्या जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या ताब्यात होता. त्या तुकड्यातला खड्डा न् खड्डा ते नात्यातल्या माणसासारखा ओळखत. अमका पावसाळ्यात रुसतो, तमका कितीही बुजवा, पुन्हा तोंड काढतो, असं जेवताना सांगत. डांबर तापवायच्या पिंपाशी उभं राहून त्यांचे डोळे कायमचे लालसर झाले होते. लांबचं चांगलं दिसे. खाडीपलीकडच्या डोंगरावर हलतंय ते जनावर आहे की माणूस, हे ते ओट्यावर बसून सांगत. हाताजवळचं मात्र दिसेनासं झालं होतं. आई तांदूळ निवडायला बसली की ते शेजारी बसून गप्पा मारायचे, पण सुपाला हात लावायचे नाहीत. चष्मा होता, पण तो नाकापेक्षा खिशातच जास्त असायचा.

आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला, रस्त्याला लागून. गाव आणि बौद्धवाडी यांच्यामध्ये एक ओढा आणि त्यावर बुटक्या कठड्याची मोरी. घर दोन खोल्यांचं, पुढे सारवलेला ओटा. पहाटे आईच्या भाकऱ्यांच्या आवाजाने मला जाग यायची. तांदळाची भाकरी पाण्याचा हात लावून थापतात, तिचा आवाज ओला आणि मऊ असतो. मग तव्यावर सुकट भाजल्याचा खमंग वास, आबांचा खोकला आणि घराच्या मागून येणारी सायकलच्या पंपाची सूं सूं, कारण आबा कामावर निघण्याआधी रोज सायकलीत हवा भरत. संध्याकाळी विहारातून वंदनेचे सूर यायचे आणि आई जिथे असेल तिथे हात जोडून उभी राहायची, हाताला पीठ असलं तरी. मी आता पनवेलला चौथ्या मजल्यावर राहते. सुकट भाजली की शेजारच्या बाई दार लावून घेतात. मी खिडकी लावत नाही.

जनूकाका आमच्या आयुष्यात आले ते रस्त्यावरून. त्यांची आंब्या-नारळाची बाग आबांच्या तुकड्याला लागून होती आणि दुपारी आबा त्यांच्या कुंपणाच्या सावलीत भाकरी सोडत. पाणी दे, विडी दे, असं करत ओळख वाढली. मग तळ्याला मधमाश्या पाळण्याचं शिबिर भरलं, त्याला दोघे मिळून गेले आणि परत येताना एसटीतच भागीदारी ठरवून आले. आमच्याकडे झाडं नव्हती, काकांकडे वेळ नव्हता. पेट्या काकांच्या झाडांखाली ठेवायच्या, राखण आबांनी करायची, मध निम्मा निम्मा. दोघे एकाच वयाचे. काका आबांना "अरे धर्मा" म्हणत आणि आबा त्यांना "अहो जनूभाऊ". हे तेव्हा मला खटकलं नव्हतं.

काकांचं आमच्या घरी जेवणं ही आमच्या आळीत बोलायची गोष्ट होती. ते सरळ ओट्यावर मांडी घालून बसायचे आणि आत बघून ओरडायचे, "वयनी, चटणी हाय का, का नुसती माया?" आई डोक्यावरचा पदर सारखा करत भाकरी आणि सुकटाची चटणी आणायची. काका बोटं चाटून खायचे. "आमच्या घरात ही चव न्हाय," म्हणायचे. "आमची बाय हात आखडून तेल घालते." आई लाजून हसायची आणि त्यांनी नको म्हटलं तरी अजून अर्धी भाकरी वाढायची. ते गेल्यावर शेजारची कुसुमआत्या कुडावरून विचारायची, "खरंच जेवला गो?" आणि आई अगदी सहज, जणू रोजचंच आहे अशा सुरात सांगायची, "जेवला."

मला अलिबागच्या कॉलेजात सायन्सला घातलं तेसुद्धा काकांच्या जोरावर. आबांना सुट्टी मिळाली नाही. काकांनी मला मोटारसायकलवर बसवून नेलं, रांगेत माझ्याबरोबर उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "तुम्ही कोण मुलीचे?" काकांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "पुतणी हाय माझी." परत येताना मी मागे बसून तो शब्द मनात घोळवत होते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेलं कोणी नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं की माझ्या मागे दोन घरं उभी आहेत.

सुट्टीत मी घरी आले की आबांबरोबर पेट्यांवर जायची. मधाची पेटी दोन मजली असते. खालचा कोठा पिल्लांचा, तिथे राणी अंडी घालते. वरचा कोठा मधाचा. दोन्हीत लाकडी चौकटी उभ्या टांगलेल्या असतात आणि चौकटीत मेणाचा पातळ पत्रा बसवतात, त्यावर सहा कोनांच्या घरांच्या खुणा उठवलेल्या असतात. त्या खुणांवर माश्या पोळं बांधत जातात. पेटी उघडली की पहिलं बघायचं ते अंडं. घराच्या तळाशी उभं, केसाएवढं, पांढरं. अंडं दिसलं म्हणजे राणी आहे. राणी स्वतः दिसली नाही तरी चालतं. अंडं नाही म्हणजे घर पोरकं झालं, आणि दुसऱ्या पेटीतली अंड्याची चौकट तिथे वेळेत दिली नाही तर पेटी हळूहळू रिकामी होते. पिवळ्या मेणावरचं ते पांढरं अंडं आबांना दिसत नव्हतं. तोंडावर जाळी, जाळीच्या आत चष्मा, चष्म्यावर घाम. ते चौकट उन्हाकडे धरायचे, तिरकी करायचे, आणि शेवटी अंदाजाने म्हणायचे, "असंल. माश्या शांत हायत." एका हिवाळ्यात अशीच चांगली भरलेली पेटी गेली. राणी कधीच मेली होती आणि आबा "असंल, असंल" म्हणत राहिले होते. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. "आता माझ्यानं व्हायचं न्हाय," आईला म्हणाले. "मी आपली डांबराचीच पिंपं ढवळतो."

त्यानंतरच्या सुट्टीत शिबिराचे साहेब नवे पत्रे घेऊन गावात आले. मेणाचे नव्हे, प्लॅस्टिकचे, वरून मेणाचा हात फिरवलेला. त्यांनी जनूकाकांच्या पडवीत सतरंजीवर तीन रंग मांडले, पांढरा, पिवळा आणि काळा. मी कॉलेजात नुकतंच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला शिकले होते. फिकट गोष्ट बघायची तर मागे गडद हवं, हे तिथे रोज ऐकत होते. तीन रंग बघताच मला ते लख्ख कळलं आणि मी उभी राहून बोलायलाच लागले. पांढरा नको, पांढऱ्यावर पांढरं अंडं कोणालाच दिसणार नाही. पिवळ्यावर आबांना दिसत नाही हे आपण बघितलंच. काळा घ्या. काळ्यावर अंडं उठून दिसेल.

साहेब म्हणाले, "बरोबर आहे मुलीचं."

"मग! आमची पोरगी हाय," काका म्हणाले. "धर्मा, ऐकलंस? काळे तू घे. आम्ही आपले पिवळे घेतो."

"सगळ्याच पेट्यांना काळे घेऊ की," मी म्हटलं. "पिवळ्या पेट्यापण आबाच बघणार ना?"

"नको गो बाय. आमच्या काकीला काळं चालत न्हाय. मध काढायला पोळं काळं दिसलं की तिला मळमळतं." सगळे हसले. काका हसत हसतच पुढे म्हणाले, "अर्ध्या पेट्या काळ्या, त्या धर्माच्या. अर्ध्या पिवळ्या, त्या माझ्या. म्हंजे वाटणीची पण कटकट न्हाय."

मग मी म्हटलं की काळे पत्रे खालच्याच कोठ्यात घ्या, वर राणी जात नाही, वर अंडी नसतात, वर पिवळे चालतील. यावर काका जरा घाईने बोलले. "न्हाय, न्हाय. खाली वर एकच रंग ठेव. भेसळ नको." साहेबांनी खांदे उडवले. मीही सोडून दिलं. माझं म्हणणं मोठ्या माणसांनी ऐकलं होतं, माझ्या शिक्षणाचा घरात पहिल्यांदा उपयोग झाला होता, आणि तो आनंद एवढा होता की वरच्या कोठ्याकडे बघायला माझ्याकडे डोळे शिल्लक नव्हते.

काळ्या पत्र्यांवर माश्यांनी पोळी बांधली. दिवाळीनंतरच्या एका सकाळी आबांनी खालच्या कोठ्यातली चौकट उचलली, हलकेच माश्या झटकल्या, पाठ उन्हाला केली आणि एकदम तिथेच थबकले. मला वाटलं चावली. मग ते म्हणाले, "दिसलं गो." मी जवळ गेले. "हे बघ, हे बघ. शेवयाचा तुकडा उभा केल्यावानी. आणि हे. आणि हे एक." बोट काळ्या पत्र्यावरून फिरत होतं आणि ते एकेक अंडं मला दाखवत होते, जणू मीच आंधळी आहे. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, कुसुमआत्याला सांगितलं, रस्त्यावरच्या गँगमधल्या माणसांना सांगितलं. "माझ्या पोरीनं रंग काढला," असं ते म्हणायचे.

पुढची दोन वर्षं मी सुट्टीत येत राहिले आणि पेट्यांचं काम एका ठरलेल्या पद्धतीने चालत राहिलं. काळ्या चौकटींचा मध एका दिवशी काढायचा, पिवळ्या चौकटींचा दुसऱ्या दिवशी. मध्ये मधयंत्र गरम पाण्याने धुवायचं. डबेही वेगळे. काका म्हणत, काळ्या पत्र्याचा रंग मधात उतरतो. मी सांगायची की प्लॅस्टिकचा रंग उतरत नाही, तर हसून म्हणत, "मला म्हाईत हाय गो, पण गिऱ्हाइकाला कोण शिकवणार?" आमचा मध किहीमकडच्या कॉटेजवाल्यांकडे जायचा, मुंबईचे पाहुणे घ्यायचे. पिवळा गावात राहायचा. पेट्या दोन्ही रंगांच्या आबाच साफ करत, मुंग्यांसाठी पायांखालच्या वाट्यांत पाणी आबाच भरत. फक्त पिवळ्या चौकटींचा मध काढायचा असला की काका त्यांना म्हणायचे, "धर्मा, तू आज बस. दमलायस." आबा झाडाखाली बसायचे आणि कौतुकाने मला म्हणायचे, "बघ, भागीदार असावा तर असा."

काकांची मुलगी नंदा माझ्याच वयाची. आम्ही गावच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या. तिचं लग्न लवकर झालं, आणि मी शेवटच्या वर्षाला असताना ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. मी परीक्षेच्या आधी चार दिवस घरी आले होते. आईने त्याच आठवड्यात काढलेला जांभळाचा मध बरणीत भरला. जांभळाचा मध गडद असतो आणि किंचित कडसर. बाळाला मध चाटवायची पद्धत गावात आहे, आणि हा मध बाळाला चांगला, असं सगळेच म्हणत. आता शिकलेल्या बायका तान्ह्या मुलांना मध देत नाहीत आणि तेच बरोबर आहे, पण तेव्हा आम्हाला कोणालाच ते ठाऊक नव्हतं. आईने बरणीचं तोंड फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं. "नंदाच्या बाळाच्या जिभेला पैला आपला मध लागंल," म्हणाली. तिला त्याचं फार वाटत होतं.

नंदा आतल्या खोलीत बाजेवर होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "संगे, ये ये. अगं नाक बघ त्याचं, आमच्या सासऱ्यावर गेलंय मेलं." मी हसले, तिच्या पायाशी बसले. काकीने बरणी माझ्या हातातून घेतली, "कशाला आणलंस गो एवढं, तुझी आय पण ना," असं म्हणत स्वयंपाकघरात गेली. मध्ये फक्त एक पडदा होता. स्वयंपाकघरात नंदाच्या सासरकडची एक म्हातारी बाई वाटीत सोन्याची अंगठी घेऊन बसली होती.

तिने विचारलं, "हाच मध चाटवायचा काय?"

"नको नको," काकी म्हणाली. आवाज खाली आणला होता, पण पडद्याला काय कळतं. "हा बौद्धवाडीतला. काळ्या पत्र्याचा. हा फडताळात ठेवते. आपला पिवळ्याचा काढते थांबा, पंचामृताला देतो तो."

"एकाच बागेतला ना गं?"

"एकाच. म्हणून तर आमच्या ह्यांनी रंग येगळे करून घेतले. नायतर ओळखायचं कसं? माशी काय, ती सगळीकडंच बसते."

म्हातारी कौतुकाने हसली. "हुशार हाय गो तुझा नवरा."

मी नंदाकडे बघितलं. तिनेही ऐकलं होतं. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल. आईला हाक मारेल, भांडेल, निदान माझा हात धरेल. तिने बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. ते सारखंच होतं. पुन्हा सारखं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "परीक्षा कधीपासून तुझी?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बाहेर आले, चपला घातल्या. मला रडू आलं नाही. डोक्यात हिशेब जुळवावा तशा एकेक गोष्टी येऊन बसत होत्या. धुतलेलं मधयंत्र. किहीमला जाणारे डबे. "धर्मा, तू आज बस." आणि वरचा कोठा, जिथे अंडी नसतात.

वयाच्या या टोकाला मी बरंच काही पाहिलं आहे. घर भाड्याने देण्याआधी आडनाव विचारणारे पाहिले, स्टाफरूममध्ये माझा डबा उघडल्यावर खुर्ची सरकवणाऱ्या बाई पाहिल्या. त्यांचा राग येतो आणि जातो, कारण त्यांनी मला कधी पुतणी म्हटलं नव्हतं. काकांनी उघडपणे सांगितलं असतं तर तोही एक अपमान झाला असता आणि आम्ही तो इतर अपमानांसारखा कुठेतरी ठेवून दिला असता. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी माझ्या बापाच्या डोळ्यांचा आणि माझ्या शिक्षणाचा पडदा केला आणि त्याच्या मागे बसून आमचा मध वेगळा काढला. कुंपण मीच, माझ्याच तोंडाने, उभं राहून मागून घेतलं होतं.

मी तशीच बागेत गेले. आंबे उतरवायला सुरुवात झाली होती. काका खोपीत एकटेच पेंढ्यावर आंबे लावत बसले होते.

"ये गो. बाळ बघितलंस? कोणावर गेलंय?"

"काका, वरच्या कोठ्यात अंडी नसतात. तिथे काळे पत्रे कशाला घ्यायला लावलेत?"

त्यांनी हातातला आंबा पेंढ्यात ठेवला. "हे आज कुठनं काढलंस?"

"काकी बोलली ते मी ऐकलं. बाळाला आमचा मध चालत नाही."

"तिला अक्कल न्हाय. बायकांचं काय मनावर घेतेस?"

"रंग काकीने निवडले नव्हते."

त्यांनी शेजारचा पेंढा बाजूला सारला. मग म्हणाले, "बस जरा." मी बसले नाही. "मी मानतो का, तू सांग. तुझ्या आयच्या हातची भाकरी खातो का न्हाय? गावात दुसरा कोण खातो दाखव."

"खाता."

"मग?"

"मग आमचा मध वेगळ्या डब्यात का?"

"अगं गाव मानतं ना!" ते एकदम चिडले, जणू मी मुद्दाम कळत नसल्याचं सोंग करते आहे. "देवळात मध आमच्या घरातनं जातो. माझ्या बापापासनं. उद्या कोण बोलला, जनू बौद्धवाडीचा मध पंचामृतात घालतो, की झालं. माझा पण पडून राहील आणि तुमचा पण. मी दोघांचं बघितलं. धर्माच्या पेट्या आज हायत त्या कोणामुळं?"

"मग तेव्हाच सांगायचं होतं. आबांच्या डोळ्यांचं नाव कशाला घेतलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं," काका म्हणाले.

हे ते अगदी मनापासून म्हणाले. आवाजात मायाच होती, तीच, अलिबागच्या खिडकीसमोरची. मला अजूनही त्यांच्या बाकीच्या बोलण्यापेक्षा त्या मायेचीच जास्त भीती वाटते. ते पुढे म्हणाले, "धर्माला न्हाय हं सांगायचं. त्याचं दुसरं काय हाय? ह्या पेट्याच हायत."

ते खरं होतं. माझे पाय घराकडे चालत होते आणि मन मोरीवरच थांबलं होतं. आबांना सांगितलं तर पेट्या जातील, कारण झाडं काकांची. पेट्या गेल्या की आबांकडे उरेल ते डांबराचं पिंप. भागीदार जाईल, आणि त्यांना दुसरा मित्र नव्हता. न सांगावं तर पुढच्या मधाच्या दिवशी ते पुन्हा झाडाखाली बसतील आणि मला म्हणतील, भागीदार असावा तर असा. ते मला ऐकवलं नसतं.

आबा ओट्यावर जुन्या चौकटींचं मेण खरवडत होते. आई आतून विचारत होती, "चाटवला का गो मध? त्वांड वाकडं केलं का पोरानं?" मी ओट्यावर बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, काकी, म्हातारी, काका, वरचा कोठा. आईचं आतलं बोलणं मधेच थांबलं. आबांचा खरवडण्याचा हात मात्र थांबला नाही. बराच वेळ मेणाचे भुगे त्यांच्या धोतरावर पडत राहिले. मग त्यांनी चौकट बाजूला ठेवली.

"संगे, मला अंडी दिसतात, ते तरी खरं ना?"

"ते खरं आबा."

"मग झालं," ते म्हणाले.

आई दारात आली. "भाऊजी असं करायचे न्हाय वो," म्हणाली. "माझ्या ताटात जेवलाय तो माणूस." आबांनी खिशातून चष्मा काढला, फडक्याने पुसला, पुन्हा खिशात ठेवला. "तुझ्या भावाला निरोप धाड," आईला म्हणाले. "टेम्पो घेऊन ये म्हणावं."

माझा मामा आगरदांड्याच्या बाजूला राहायचा आणि जेट्टीवरून मासळीचा बर्फ वाहायचा. त्याच्या घरामागे खाडीकाठी तिवरांची दाट रांग आणि चार नारळ होते. पेट्या तिथे न्यायच्या असं आबांनी ठरवलं. आमच्या परसात ठेवता आल्या नसत्या. एवढ्या जवळ हलवलं की माश्या घर चुकतात आणि जुन्या जागेवर जाऊन घोंगावत बसतात. लांबच न्यावं लागतं. म्हणजे आबांना आठवड्याला एकदा एसटीने जाऊन पेट्या बघाव्या लागणार होत्या. आई म्हणाली, "एवढ्या लांब? आणि तिथं झाडं कमी, मध तरी येईल का?" आबा म्हणाले, "त्याची झाडं माश्यांना लागतात. मला न्हाय लागत."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही बागेत गेलो. माश्या घरी परतत होत्या. शेवटची परतेपर्यंत आबा प्रत्येक पेटीपाशी थांबले आणि मग दाराला ओल्या मातीचा लिंपा देत गेले, हवेला बारीक जाळी ठेवून. पेट्या हलक्या व्हाव्यात म्हणून, आतली फळी तशीच ठेवून, वरची पत्र्याची छपरं काढून आम्ही वेगळी ठेवली. काकांना कोणी निरोप दिला नव्हता, पण ते आले. खोपीच्या दाराशी उभे राहिले. आबांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि नेहमीसारखी मान हलवली. पिवळ्या पेट्यांच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी कमी होतं, ते आबांनी कळशीने भरलं. मग आमच्या पहिल्या पेटीची एक बाजू धरली.

काका पुढे आले आणि दुसऱ्या बाजूला हात घातला. "धर्मा, असा काय करतोस? बस, बोलू."

"असू द्या," आबा म्हणाले. "संगी हाय."

काकांनी हात काढला. मी धरलं. पेटी छातीला टेकली आणि आतली घरघर लाकडातून माझ्या हाडांत शिरली.

टेम्पो बागेशी न आणता मोरीपलीकडे उभा करायला आबांनीच सांगितलं होतं, पेट्या एकेक करून हातांनी न्यायच्या होत्या. बागेतून मोरीकडे यायच्या दोन वाटा आहेत. एक शेताच्या बांधावरून, जिने आम्ही नेहमी जात असू, आणि एक गावाच्या मधून, देवळासमोरून. आबा बांधाकडे वळले नाहीत. पडव्यांत माणसं बसली होती. मुलं पाठीमागे लागली, माश्या, माश्या करत. देवळाच्या पायरीवरून कोणीतरी विचारलं, "काय रे धर्मा, पेट्या कुठं चालवल्यास?"

"बदली झाली," आबा म्हणाले.

दोघं-तिघं हसले. मग त्यांना आमच्या मागून येणारे काका दिसले आणि हसू थांबलं. काकांनी आमच्या एका पेटीचं पत्र्याचं छप्पर उचललं होतं आणि ते दोन्ही हातांत धरून ते आमच्या मागे चालत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्या गावादेखत ते तसे चालत होते, आणि खरं सांगते, तेवढ्या वाटेत माझ्या मनाने आशा धरली होती. ते असेच आमच्या ओट्यापर्यंत येतील, मांडी घालून बसतील, काहीतरी म्हणतील. काय म्हणतील ते मला सुचत नव्हतं, पण आबा ते ऐकतील आणि पेट्या परत फिरतील, असं वाटत होतं.

मोरीवर पोचलो तेव्हा पलीकडे मामाचा टेम्पो उभा होता आणि तो आईला सांगत होता, "आजवर मासे नेले, आता माश्या." मागची पावलं थांबली. मी मान वळवली. काकांनी छप्पर मोरीच्या कठड्यावर ठेवलं, ते पडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला, आणि ते गावाकडे वळले.

आबांनी मागे बघितलं नाही. आम्ही पेटी टेम्पोत चढवली, मामाने दोर आवळला. "हिचं झाकण कुठाय?" त्याने विचारलं. ते आणायला मला मोरीवर परत जावं लागलं. दगड बाजूला केला आणि छप्पर उचललं. काका अजून देवळापर्यंत पोचले नव्हते. हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती.